किरणने दाबलेलं बटण

या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात त्यांची कारणं लावत आलो आहे. आपोआप सुरू झालेला टीव्ही — शेजाऱ्याचा रिमोट. माळ्यावरची पावलं — पाण्याची टाकी. माझा धंदाच तो आहे. नाशिकला अंबडमध्ये एका छोट्या कंपनीत मी काम करतो. आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो आणि त्यातलं सॉफ्टवेअर मी बघतो. "मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस" हे मी नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्यामागे माझी नक्कल करतात. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही नाही. बसला असता तर निदान रात्री झोप तरी लागली असती...

किरण माझा मेहुणा. माझी बायको सुनंदा, तिचा धाकटा भाऊ. कळवणचा. शिक्षण अर्धवट, पण हुशार आणि तोंडाने फटकळ. दिंडोरीच्या पुढे द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथे आमचंच पॅनेल बसवलेलं. मालकांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांना शब्द टाकून मीच त्याला तिथे सुपरवायझर म्हणून चिकटवलं. त्याचा फोन आला की सुरुवात ठरलेली असायची.

"काय चालू शे, दाजी? तुमचं पॅनेल अगदी तुमच्यासारखं हाय बघा. बोलत काही नाही, नुसतं लाल दिवे दाखवून घाबरवतं."

माल ठेवतात त्या थंड खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, दाराशेजारी एक लाल, फुगीर बटण असतं. दार बंद झालं आणि माणूस आत अडकला तर त्याने ते दाबायचं, की बाहेर भोंगा वाजतो. आतले पंखे इतके जोरात असतात की हाका मारून उपयोग नसतो. आत अडकलेल्या माणसाकडे ते एक बटणच असतं.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पॅनेलमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. पॅनेलला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला कर्नलमध्ये एकेक ड्रायव्हर लागतो, आणि कोणता ड्रायव्हर घ्यायचा, कोणता नाही, हे कर्नल तयार करतानाच ठरवावं लागतं. त्या बटणाची वायर ज्या कार्डावर येते, त्या कार्डाला स्वतःची मेमरी नाही. पॅनेल चालू झालं की ड्रायव्हर त्याला एक लहानसा प्रोग्रॅम भरवतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर नाही तर फर्मवेअर नाही, आणि फर्मवेअर नाही तर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. मग बटण दाबा नाहीतर त्यावर हातोडा मारा, पॅनेलला काही कळणार नाही.

गेल्या सीझनमध्ये तात्यांना चेंबरचं टेम्परेचर मोबाइलवर हवं झालं. त्यासाठी नवा मोडेम लागणार होता, आणि आमच्या जुन्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर नव्हता. मी नवीन कर्नल घेतला. असं करताना जुन्या निवडी तशाच येतात. फक्त जे पर्याय नव्याने आलेले असतात, ते कर्नल एकामागून एक विचारतो — हा घेऊ का, तो घेऊ का. शेकड्यांनी प्रश्न. आमच्या धंद्यात ते कोणी वाचत नाही. एन्टरवर बोट ठेवायचं आणि दाबून धरायचं. ज्याचं उत्तर दिलं नाही त्याला तो स्वतःच नेहमीचं उत्तर लावतो. मीही तसंच करतो. सगळेच करतात.

भर दुपार होती. शेजारच्या टेबलावर मनोज, माझ्या हाताखालचा इंजिनिअर, मला चहाला चला म्हणत होता. माझं बोट एन्टरवर, मान त्याच्याकडे. स्क्रीनवर ओळी पळत होत्या... आणि थांबल्या.

एका प्रश्नावर. मी एन्टर सोडून पुन्हा दाबला. तोच प्रश्न पुन्हा खाली उमटला. परत दाबला. परत तोच.

"सर, हँग झालं का?"

"कीबोर्ड अडकला असेल," मी म्हणालो.

प्रश्न आमच्या बटणाच्या कार्डाचाच होता. नाव मी वाचलं, हे कबूल करतो. पण वाटलं, त्याचा ड्रायव्हर तर आपल्याकडे आधीपासून आहे, हा आणखी कुठला तरी नवा. नव्या कर्नलमधून तो जुना ड्रायव्हर काढून टाकलाय आणि त्याच्या जागी हाच आलाय, हे बघायला एक मिनिट लागलं असतं. मी 'एन' दाबलं. म्हणजे नको. लगेच ओळी पळायला लागल्या, आणि मी चहाला गेलो.

ऑफिसातल्या टेस्टच्या पॅनेलला बटण जोडलेलंच नव्हतं. मोडेम चालला, टेम्परेचर मोबाइलवर आलं, आमचे साहेब खूश. सीझनमध्ये मला तिकडे जाणं जमेना, म्हणून फाइल पाठवली आणि पेन ड्राइव्हवरून ती पॅनेलमध्ये किरणनेच टाकली. मी फोनवरून सांगत होतो.

"टेम्परेचर दिसतंय?"

"दिसतंय."

"दाराचा दिवा?"

"लागला. भोंग्याचं बटण दाबून बघू का? पण दाजी, बाहेर कंटेनर लागलाय अन् समद्या बाया पॅकिंगला बसल्यात. भोंगा ऐकला की पळत सुटतील. तात्या माझ्या नावानं बोंब मारतील, ते येगळंच."

"राहू दे मग. संध्याकाळी मोकळा झालास की दाब."

"बरं. ताईला सांगा, रविवारी येतो. मटण कर म्हणावं. तुमच्या घरची ती शेपूची भाजी नको आता."

संध्याकाळी तोही विसरला, मीही विसरलो.

त्याच महिन्यात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, एवढंच. रविवारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने त्यावरही विनोद केले. पण नंतर अंगणात बराच वेळ गाडी पुसत बसला होता. सुनंदा म्हणाली, "गाडी कालच धुतलेली आहे त्याची."

नंतरच्या आठवड्यात, दुपारी माणसं जेवायला गेली असताना तो चेंबरमध्ये गेला. जाकीट बाहेरच खुंटीवर, मोबाइल बाहेर चार्जिंगला. दोन मिनिटांचं काम असेल म्हणूनच असा गेला असणार. दार मागून लागलं. दार आतून उघडायचा खटका घट्ट बसलेला होता. तो अडकतो असं त्याने तात्यांना सांगितलंही होतं. त्या दिवशी माल यायचा नव्हता, म्हणून जेवल्यावर माणसं बाहेरच्या शेडमध्ये क्रेट धूत बसली. किरण कळवणला गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो बटणाच्या खालीच बसलेला होता. सगळं संपलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी अंबडलाच होतो. निघण्यापूर्वी मी लॅपटॉप उघडला. कर्नलच्या निवडींमध्ये त्या ड्रायव्हरपुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: घेतलेला नाही. मी ती ओळ वाचली आणि मला सगळं कळलं. दिंडोरी रोडने मोटारसायकल चालवताना मी एकच वाक्य घोकत होतो. साहेब, बटण चालत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. हे मी पोलिसांना सांगणार होतो. ही बढाई नाही. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

चेंबरमध्ये पोलीस पंचनामा करत होते. तात्या भिंतीला टेकून उभे. इन्स्पेक्टर साहेबांनी मला विचारलं, "पॅनेल तुमचं ना? हे बटण चालतं का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिथल्या हवालदाराने सहज हात लांबवून बटण दाबलं.

भोंगा वाजला.

बाहेरून माणसं धावत आली. तात्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. साहेबांनी लिहून घेतलं.

"साहेब," मी म्हणालो, "हे वाजायला नको होतं."

"म्हणजे?"

"याचा ड्रायव्हर यात नाहीये. मी घातलेलाच नाही. हे चालूच शकत नाही."

"चालतंय की, आत्ताच ऐकलं ना तुम्ही?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा मेहुणा होता ना. बसा जरा. पाणी प्या."

मी त्यांना बटण दाखवलं. वरच्या लाल टोपीला मधोमध तडा गेला होता. मी बसवलं तेव्हा नव्हता. माणूस तळहाताने पुन्हा पुन्हा जोर लावून दाबेल तर जाईल तसा. तात्या हलक्या आवाजात म्हणाले, "क्रेट लागतात हो तिथं सारखे." तेही खोटं नसेल.

म्हणजे बटण चालू. दाबलं असतं तर भोंगा वाजला असता, आणि शेडमध्ये बसलेल्या माणसांनी भोंगा ऐकला नाही. म्हणजे त्याने दाबलं नाही. जाकीट बाहेर, मोबाइल बाहेर, लग्न मोडलेलं... पुढचं कोणी मोठ्याने बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. दहाव्यापर्यंत सगळ्या कळवणला ते ठाऊक झालं होतं.

नंतर मी जे जे करता येईल ते केलं. तात्यांना विनवून मनोजला घेऊन गेलो. पॅनेलमधला कर्नल कॉपी करून घेतला. तो मीच केलेला होता, जसाच्या तसा, त्यात तो ड्रायव्हर नाही. तोच कर्नल अंबडला दुसऱ्या पॅनेलमध्ये घातला, बटण जोडलं. मुकं. मनोज म्हणाला, "सर, तिथलं कार्ड जुना प्रोग्रॅम धरून बसलं असेल." बसू शकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी आम्ही परत गेलो, वीज बंद केली, कार्ड उपसून काढलं आणि आख्खा दिवस बाहेर ठेवलं. परत बसवलं, बटण दाबलं. वाजलं. आणि पॅनेलच्या लॉगमध्ये त्याची नोंदच नाही. आम्ही दाबलेल्याची नाही, हवालदाराने दाबलेल्याची नाही. मग त्या दुपारचं काय शोधणार?

 परत आल्यावर अंबडच्या चौकात उतरताना मनोज म्हणाला, "सर, आता सोडून द्या. तुमची चूक नाही असं ते मशीनच सांगतंय."

सुनंदाला मी सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात तसेच पिठात ठेवून तिने ऐकलं.

"म्हणजे त्याने दाबलं होतं?"

"हो."

"आणि तुमच्यामुळे वाजलं नाही."

"हो."

"मग चला. आईला सांगा हे. आत्ताच्या आत्ता." तिच्या आवाजात राग होता, पण त्या दिवसानंतर पहिल्यांदा जीवही होता. मला शिव्या पडल्या असत्या, कदाचित ती मला सोडूनही गेली असती. तरी मला बरं वाटत होतं. किरणच्या नावावरचं ते काढून माझ्या नावावर टाकता येणार होतं.

कळवणला पोचलो तेव्हा सासूबाई पडवीत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि कार्ड, कर्नल, 'एन', सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नसेल, पण त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "जावईबापू, मी एकच इचारते. त्यानं ते बटण दाबताना कोणी पाह्यलं का?"

"नाही. पण आई, तडा गेलाय त्याला..."

"अन् पोलिसानं दाबलं तवा वाजलं."

"वाजलं. पण ते वाजायला नको होतं."

"समद्यांनी ऐकलं?"

"हो."

 त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. मी रडतोय हे मला कळलंच नव्हतं. "तुम्ही त्याच्यासाठी येवढं खोटं बोलताय," त्या म्हणाल्या. "लय जीव व्हता तुमचा त्याच्यावर. पण नका बोलू. मला समजतं." आणि सुनंदाला म्हणाल्या, "जेवू घाल त्यांला."

येताना गाडीत सुनंदा खिडकीकडे तोंड करून बसली होती. वणीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मला खरं सांगा. तुम्ही नक्की तिला बरं वाटावं म्हणून नाही ना बोललात?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. तिने विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

वाचकांपैकी कोणी या क्षेत्रातलं असेल तर माझी विनंती आहे. माझी चूक नाही असं सांगणारं कारण मला नकोय. ते कार्ड त्या दुपारी मुकं होतं आणि संध्याकाळी बोललं, याचं एखादं कारण असेल तर सांगा. मला अजून ते सापडलेलं नाही. सापडेल असंही आता वाटत नाही.

तात्यांनी ते पॅनेल बदलू दिलं नाही. चालतंय ते का काढायचं, म्हणाले. आता तिथे नियम झालाय. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी नवा सुपरवायझर आत जातो, ते तडा गेलेलं बटण दाबतो आणि बाहेर भोंगा वाजतो. बाया हसतात, कामाला लागतात. आणि किरणने ते दाबलंच नव्हतं, हे रोज सकाळी नव्याने सिद्ध होतं.