मी न बघितलेली कुस्ती

टीव्हीवर खेळांच्या बातम्या द्यायला लागलो, तेव्हापासून लोक भेटले की हमखास म्हणायचे, "तुम्ही निकाल सांगितला की मनात शंका राहत नाही बघा." मी हसून मान डोलवायचो. आता नोकरी संपली आहे, कुणी काढून टाकायची भीती नाही, म्हणून सांगतो. मी एक कुस्ती लागायच्या आधीच निकाली काढलेली आहे.

नवा महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. टीव्ही आमच्या मुलखात कुणी स्वप्नातही बघितला नव्हता. मी परंड्याला मास्तर होतो आणि सोलापूरच्या एका दैनिकाचा बातमीदार. मास्तरकी पोटासाठी, बातमीदारी मिरवण्यासाठी. खिशाला पेन लावून कुस्तीच्या फडात शिरलं की लोक "सरका, सरका, पेपरवाले आले" म्हणत घोंगडं अंथरायचे. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला बोलू?

अडचण एकच होती, एसटी. बातमीचं पाकीट संध्याकाळी पाचच्या कुर्डुवाडी गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचं, तो ते स्टेशनवर पोचवायचा आणि तिथून ते रेल्वेनं सोलापूरला जायचं. गाडी चुकली की बातमी शिळी. आणि फडातली शेवटची मोठी कुस्ती काही झालं तरी दिवस कलल्याशिवाय लागायची नाही. पाहुण्यांचे सत्कार, हलगी, भाषणं, मग पुन्हा एक भाषण!

त्या साली सोनारीच्या जत्रेत शेवटची कुस्ती होती सोलापूरचा एक नावाजलेला पैलवान आणि जवळच्याच वाडीवरचा एक पोरगेला गडी यांची. निकाल काय लागणार हे शेंबडं पोरही सांगेल, असं मला वाटलं. दुपारीच लिंबाखाली बसलो आणि बातमी लिहून काढली. नुसतं "जिंकला" लिहून भागेना. मी लिहिलं की सोलापूरच्या पैलवानानं दहाव्या मिनिटाला पट काढला, वाडीच्या गड्याला खाली घेतलं आणि घिस्सा डावावर अस्मान दाखवलं. "प्रेक्षकांनी टोप्या उडवल्या" हेही लिहिलं. मग सायकल हाणत परंडा गाठलं, पाकीट दिलं आणि घरी जाऊन निवांत जेवलो.

सकाळी शाळेत शिपाई म्हणाला, "गुरुजी, वाडीच्या गड्यानं कमाल केली की! तीन मिनिटांत चितपट!" माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पेपर आला. टोप्यांसकट सगळं छापलेलं. मी संपादकांना दुरुस्ती पाठवली. उलटटपाली कार्ड आलं, "दुरुस्ती छापल्याने वाचकांचा विश्वास उडतो. यापुढे काळजी घ्यावी." म्हटलं, सुटलो. आता कोण विचारतंय?

विचारायला खुद्द वाडीचा पैलवानच आला. दारात उभा राहिला तर घरात अंधार झाला. मला एका हातानं उचलून आडात टाकलं असतं, तर मी काय करणार होतो? पण तो बापडा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, म्या जिकलो की वो. तुमी असं कसं लिवलं?"

त्याचं सगळं अडलं होतं ते बापापाशी. ह्याला कोल्हापूरला तालमीत जायचं होतं. बापाला कुस्तीचा राग, शेताला गडी नको का? शेवटी बाप म्हणाला होता, "पेपरात जिकला म्हनून छापून येऊ दे, मंग जा." आता सगळी वाडी ओरडून सांगत होती की पोरगा जिंकला, आणि बाप म्हणत होता, "गाव काय, तोंडाला येईल ते बोलतंय. छापनारी मान्सं शिकलेली असत्यात."

शिकलेला माणूस सायकलवर बसला आणि वाडीवर गेला. वाटेत चारदा परत फिरावंसं वाटलं. बाप मोठा दांडगा असेल, अशी माझी समजूत. निघाला किरकोळ, शांत माणूस. बैलांना पेंड चारत होता. त्यानं पटक्यातून पेपरची घडी काढली आणि म्हणाला, "वाचा मास्तर, मला येत न्हाय."

मी वाचलं. माझंच लेखन इतकं जड कधी झालं नव्हतं.

"मामा, हे खोटं आहे," मी म्हणालो. "तुमचा पोरगा जिंकला."

"दहावं मिनिट, घिस्सा, इतकं बारीक लिवलंय. मंग खोटं कसं?"

"मी कुस्ती बघितलीच नाही. दुपारीच लिहून टाकलं."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "म्हंजी फडात उतरायच्या आदीच माझं पोरगं पाडलं तुमी?"

शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाला, "त्याला खेळताना कदी बगितलंय का?"

"नाही."

"म्या बी न्हाय."

त्यानं उरलेली पेंड बैलापुढं सारली. मग म्हणाला, "पुढची कुस्ती कवा हाय, इचारा त्याला. जाऊ दोघं."

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावच्या फडात आम्ही दोघं एकाच घोंगड्यावर बसलो. पाच वाजून गेले. "मास्तर, तुमची यष्टी," त्यानं आठवण करून दिली. म्हटलं, जाऊ द्या.

कुस्ती लागली. पोरगा वीस मिनिटं नुसता झुंजला. बाप आधी गप्प होता, मग गुडघ्यावर आला, मग "आरं पाय धर, पाय!" म्हणून ओरडायला लागला. त्याचा पटका सुटला तरी त्याला पत्ता नाही. आणि तेवढ्यात समोरच्यानं ढाकेचा डाव टाकला. पोरगा चितपट!

गेलं कोल्हापूर! आणि ह्या खेपेला मला खरं लिहायचं होतं.

बाप उठला, आखाड्यात गेला, सुटलेल्या पटक्यानं पोराच्या पाठीची माती पुसली. पोरगा मान वर करीना. बापानं मला हाक मारली, "मास्तर, लिवा. पडला म्हनून लिवा. आन खाली लिवा, बाप म्हनला, जा कोल्हापूरला."

मी दोन्ही लिहिलं. पेपरात पहिलं तेवढंच आलं, तेही दोन दिवसांनी. तोवर पैलवान कोल्हापूरच्या तालमीत जोर काढायला लागला होता.