पंगतीतले सहा सेकंद

नव्वदच्या दशकाच्या शेवटी श्रीगोंद्यात आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम होतं. नवरा कॅमेरा घेऊन लग्नं शूट करायचा आणि मी घरी एडिटिंग. कॉम्प्युटर नुकताच आला होता. टाइमलाइनवर क्लिपचं टोक माऊसनं धरून ओढलं की ती आखूड व्हायची, आकडा बदलला की वेग कमी व्हायचा. मला त्याची फार मौज वाटायची.

मिरजगावच्या एका लग्नाची कॅसेट देऊन चार महिने झाले असतील. एका दुपारी त्या नवरीचे आईवडील आले. वडील साखर कारखान्यात कामाला होते. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, थोरली गेली. तिसगावला शाळेत शिकवायची. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. धाकटीच्या लग्नात सगळीकडं तीच धावत होती, पण कॅसेटमध्ये कुठं धड दिसत नाही. आमच्याकडं तिचं आणखी काही असेल तर त्यांना हवं होतं.

मला ती आठवत होती. हिरवी साडी नेसून पंगतीत बुंदी वाढत होती. पंगतीचं शूटिंग वीसेक मिनिटांचं होतं. सगळं लग्न तीन तासांत बसवायचं म्हणून मी ते मिनिटभरावर आणलं. वाढणाऱ्यांना कोण बघतंय, असं म्हणून तिलाच कापत गेले. मूळ टेपवर नंतर दुसरं लग्न भरलं गेलं होतं. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांच्याकडं बघवलं नाही. वडील म्हणाले, हाय तेवढं तरी लांबवून द्या.

त्यांच्याच कॅसेटमध्ये सहा सेकंद सापडले. ती बादली घेऊन येते, एका म्हाताऱ्याला आग्रह करते, हसते आणि पुढं जाते. मी वेग पाव केला, तसे चोवीस सेकंद झाले. वडील पुन्हापुन्हा लावायला सांगत राहिले. आईनं एकदाच बघितलं.

"ही आमची न्हाई," ती म्हणाली. "आमची लई भरभर चालायची."

मी वेग पहिल्यासारखा केला.

"व्हय. अशीच हुती," असं म्हणून ती रडायला लागली.

"पन लगीच जाती गं," वडील म्हणाले.

मी दोन्ही वेगांतलं कॅसेटवर भरून दिलं. वडील कॅसेट घेऊन बाहेर पडले, पण आई दारातच थांबली. "तुमी तर सगळं बघितलं आसंल. काय करत हुती ती?"

मी आठवून आठवून सांगितलं. पदर खोचून ती दोन्ही रांगांना एकटी वाढत होती. एका लहान मुलाचं नाक तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं. कॅमेरा समोर आला की हात हलवून तो नवरीकडं न्या म्हणायची.

"आनि?" आईनं विचारलं.

मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्याहून जास्त मला काही सांगता येईना.