कान शाबूत होते

तळेगाव स्टेशनजवळ चपलांचं दुकान चालवणाऱ्या गफूर मुलाणींची लेक सुमय्या कानांची तपासणी करते. पुण्यात शिकली, तिथेच मोठ्या दवाखान्यात नोकरीही मिळत होती. पण ती गावात परतली आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या छोट्या बंदिस्त खोलीत कामाला बसली. तिच्याकडे येणारे बहुतेक म्हातारे. सहा वर्षांच्या इंद्रायणीला, म्हणजे इंदूला, घेऊन तिची आई रेणुका आली, ती एका गर्दीच्या सकाळी.

"म्याडम, हिला ऐकू येत न्हाई," रेणुका म्हणाली. "गुरुजी हाका मारून दमत्यात. मागनं टाळी वाजवली तरी वळत न्हाई. बोलती बी एकदोनच शब्द."

सुमय्याने इंदूच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असा खेळ. इंदूने एकही ठोकळा टाकला नाही. मग सुमय्याने दुसरं यंत्र लावलं. मूल काही बोललं नाही तरी कान काम करतोय का, हे त्यावर कळतं. दोन्ही कान उत्तम होते.

खरं तर तिचं काम इथे संपलं होतं. तसा रिपोर्ट लिहून पुढच्या पेशंटला बोलवायचं, एवढंच. पण खोलीतून बाहेर येताना खाली रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली, आणि आईच्या हाकेला न वळणारी ती पोर झटकन खुर्चीमागे जाऊन बसली. अंग आक्रसलेलं, नजर दारावर.

सुमय्याने रांगेतल्यांना थांबायला सांगितलं. इंदूपुढे ठोकळे ठेवले, रेणुकाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, घरी मोटारसायकल कुणाकडे होती?"

पदराचं टोक पिळत रेणुका बोलू लागली. नवऱ्याची होती. ती दारात थांबली की मारहाण सुरू व्हायची, इंदू पाळण्यात होती तेव्हापासून. गेल्या साली रेणुका लेकीला घेऊन सुदुंबऱ्याला भावाकडे निघून आली होती.

"आता तर कुनी मारत न्हाई. मग असं का करती?"

"लहानपणी मेंदू जे रोज करतो, तेच त्याच्यात पक्कं होत जातं," सुमय्या म्हणाली. "हिचा मेंदू पहारा करायला शिकला. धोक्याचा आवाज तेवढा चटकन पकडतो. हाका, गोष्टी, अक्षरं यांच्यासाठी त्याला सवडच मिळाली नाही. ती हट्टी नाही, मंद तर नाहीच नाही."

"माझंच चुकलं. लय उशीर केला मी."

"तुम्ही तिला तिथून बाहेर काढलंत. पहिलं औषध तेच, आणि ते तुम्ही दिलंत. मेंदू अजून वाढतोय, नवंही शिकेल. पण हे माझ्या एकटीचं काम नाही."

गावातच पद्मजाताई नावाच्या बालमानसतज्ज्ञ होत्या. त्यांचं नाव काढताच रेणुका बिचकली. "येड्यांच्या डाक्टरकडं कशाला?" सुमय्याने वाद घातला नाही. "पहिल्या खेपेला मी येते बरोबर," एवढंच म्हणाली, आणि आपल्या सुट्टीच्या दिवशी खरंच गेली.

पद्मजाताई इंदूबरोबर जमिनीवर बसून मातीशी खेळत. पुढे काय करायचं ते तिला आधी सांगत. रेणुकालाही त्यांनी शिकवलं, की मागून हाक मारायची नाही, समोर बसून नाव घ्यायचं. घाबरली तर आधी जवळ घ्यायचं, समजावणं नंतर.

मग राहिली शाळा. रेणुकाला विचारून सुमय्या बाजीराव गुरुजींना भेटायला गेली. "चाळीस पोरांत एकीचं एवढं कोण बघणार?" गुरुजी कडाडले. सुमय्याने ऐकून घेतलं आणि मोटारसायकलीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी इंदूला भिंतीला टेकून, दार दिसेल अशी जागा दिली. शाळेच्या घंटेला ती दचकते हे ध्यानात आल्यावर त्यांनी टोल द्यायचं काम तिच्याकडेच सोपवलं. ही युक्ती पद्मजाताईंनाही सुचली नव्हती. "गुरुजी माझ्याही पुढे गेले," असं सुमय्या आजही कौतुकाने सांगते.

इंदू थोडंथोडं बोलू लागली. दिवाळीत मात्र फटाक्यांनी घात केला. इंदू पुन्हा मुकी झाली. "समदं पान्यात गेलं," म्हणत रेणुका रडत आली. सुमय्याचाही धीर सुटला. तिने पद्मजाताईंना फोन लावून तो रेणुकाच्या हातात दिला.

"फटाके वाजले तेव्हा ती कुठे लपली?" पद्मजाताईंनी विचारलं.

"लपली न्हाई. माझ्या कुशीत शिरली."

"मग काही वाया गेलेलं नाही, रेणुका. आधी ती एकटीच लपायची ना?"

हळूहळू शब्द परत आले. इंदू आता तिसरीत आहे. वाचताना अडखळते, मोठ्या आवाजाला अजून दचकते. पण मामाच्या पोरांशी कडाकडा भांडते, आणि भांडणात हार जात नाही.

दवाखान्यात कुणा लेकराचे कान चांगले निघाले, तरी सुमय्या त्याला लगेच घरी पाठवत नाही. घरचं, झोपेचं, भीतीचं विचारते. बाहेर रांग लांबते, डॉक्टर कुरकुरतात. "पाच मिनिटं, सर," म्हणत ती खुर्ची पुढे ओढते आणि समोरच्या आईला म्हणते, "बोला ताई, घाई नाही."