पलंगाखालच्या विटा
काल कोलशेतच्या साइटवर कुणाचं तरी काँक्रीट कापायचं कटर जळक्या वासाने धुमसायला लागलं आणि मला नौपाड्यातलं ते घर आठवलं. तिथल्या आजोबांना हॉस्पिटलातून व्हीलचेअरवर घरी आणणार होते आणि त्याआधी बाथरूमच्या दारातला काँक्रीटचा उंबरा आम्हाला कापायचा होता. सोसायटीत दुपारी मशीन बंद ठेवावी लागते, दुपार होत आलेली, आणि ब्लेड नुसतं ठिणग्या उडवत घसरतंय. मी जोर लावला तसं ते निळं पडायला लागलं. "अरे दाबतोस काय! गुळगुळीत झालंय ते," माझा जोडीदार ओरडला. "वीट आण, विटेत चालवू." मऊ विटेत चालवलं की ब्लेडचा वरचा धातू झिजतो आणि आतले हिऱ्याचे कापणारे कण पुन्हा वर येतात. पण तिसऱ्या मजल्यावर वीट कुठली? आजी सारख्या खिडकीत जात होत्या. फोन आला तशा "अँब्युलन्स निघाली रे," म्हणाल्या, आणि एकदम पलंगाकडे वळल्या. खाली ट्रंका मावाव्यात म्हणून त्याचे चारही पाय विटांवर चढवलेले. एक काढली तर पलंग कलणार, म्हणून ट्रंका ओढून सगळ्याच काढल्या. ब्लेड विटेत घातलं, घरभर लाल धूळ उडाली, मग ते उंबऱ्यात सरळ शिरलं. आम्ही धूळ पुसतोय तोच आजोबा आले. खुर्चीतून पलंगावर सरकले आणि त्यांचे पाय जमिनीला टेकले. विटा असत्या तर त्यांना वर चढताच आलं नसतं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काल त्या कटरवाल्याला मी वीट नेऊन दिली, आणि घरी आल्यावर आधी म्हाताऱ्या आईच्या पलंगाखाली वाकून बघितलं.