रुंद होडी की लांब होडी?

जळगावला एमआयडीसीतल्या एका शेडबाहेर, भर उन्हात, मी दोन होड्यांसमोर उभी होते... आणि काही म्हणजे काही सुचत नव्हतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे ही.

तेव्हा मी तापीच्या बॅकवॉटरजवळच्या उपकेंद्रात नर्स होते. माझी दोन गावं पाण्यापलीकडे. रस्त्याने मोठा वळसा, त्यामुळे बाळंतपणात बाई अडली की सगळ्यांचा जीव टांगणीला. एका डाळमिलवाल्या शेठनी होडी द्यायचं कबूल केलं आणि सरपंच आबा मला सोबत घेऊन आले. "सिस्टर, पेशंट तुम्ही नेणार. पसंत तुम्हीच करा."

मला तर पोहताही येत नाही हो...

दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच्या, सपाट बुडाच्या. एक आखूड, चांगली रुंद. दुसरी लांबट, अरुंद. बनवणारे शकीलभाई म्हणाले, "रुंदवाली हलत नाही, पण वल्हवायला जड. लांबवाली सुसाट जाते, पण डुलते." तुम्ही कोणती घ्याल विचारलं तर हसले. "दोन्ही मीच बनवल्यात ताई, कसं सांगू?"

आबा आधी म्हणाले, लांब घ्या, लवकर पोचू. चहा झाल्यावर म्हणाले, नाही, रुंदच बरी! माझं डोकं पार गरगरलं. अडलेल्या बाईला आधी काय हवं... लवकर पोचणं की न हलणं?

शेवटी रुंद घेतली. खरं कारण एवढंच, की लांब होडी नुसती बघूनच मला भीती वाटली.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी पलीकडून सुशीलाला आणायला गेलो. पहिलटकरीण. होडी आपली हळू... हळू. किनारा समोर दिसतोय आणि जवळच येत नाही. मध्यावर आलो आणि मला कळलं, आता हे थांबणार नाही.

वल्हवणाऱ्या नानांनी पाठ फिरवली. सासूने लुगड्याचा आडोसा धरला. मी तळाशी गुडघे टेकून "होतंय गं, होतंय" म्हणत राहिले. मुलगी झाली. रडायला तिने जरा वेळ लावला... तेवढ्यात मी मनातल्या मनात शंभरदा ती लांब होडी घेतली.

मग रडली एकदाची!

रुंद होती म्हणून निभावलं? की लांब असती तर वेळेत पोचलो असतो, आणि पाण्यात बाळंतपण करायची वेळच आली नसती? कितीदा तरी हाच विचार केला.

पुढे एकदा सुशीलाला हे बोलून दाखवलं. ती लेकीला पाजत होती. म्हणाली, "मले काय मालूम ताई, नाव कोनती व्हती! तुमचा आवाज येत व्हता, इतलंच ध्यानात हाये."

तो आवाज केवढा कापत होता, ते तिला कळलं नाही... देवाची कृपाच म्हणायची!