इंदूचं गंधपुऱ्याचं तेल

माझी बायको इंदू गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहा पीत होतो. नात आली, म्हणाली, "आबा, वर चला." तिचं तोंड बघूनच कळलं. डोक्यात रक्तस्राव झाला, म्हणे. दीड महिना झाला. लोक येतात, रडतात. मला मात्र एकच जाणून घ्यायचं होतं, माझ्या हातून तर काही झालं नाही ना...

मी जास्त शिकलेलो नाही. धुळ्याकडून आलो, इथे गोडादऱ्यात कापडाचे लूम चालवले. बारा-बारा तास उभं राहून कंबर धरायची. कुणीतरी सांगितलं म्हणून जडीबुटीच्या दुकानातून गंधपुऱ्याचं तेल आणलं, तसंच चोपडलं, वर गरम कापड बांधलं. सकाळी कातडीवर फोड. इंदूने मला वेड्यात काढलं आणि बाटली घेऊन दुकान गाठलं. तिला विचारायची भारी सवय. हे कशाचं? बामसारखा वास का? दुकानदार म्हणाला, डोंगरातल्या एका झुडपाच्या पानांचं असतं, आजकाल पुष्कळदा कारखान्यात बनतं, बामातही तेच घालतात. तेवढ्यावर तिचं भागलं नाही, मेडिकलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, काही डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जातीचं आहे हे, चमचाभर पोटात गेलं तर लेकराचा जीव जाईल. तेव्हापासून बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, आणि लावायचं तर वाटीभर तिळाच्या तेलात थोडे थेंब. गल्लीतल्या बायका तिच्याकडूनच मिसळून न्यायच्या. जखमेवर नको, वरून शेक नको, हे प्रत्येकीला दहादा ऐकावं लागायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध घेता का? ती नाही म्हणाली. मी शेजारीच बसलेलो. बाहेर आल्यावर म्हटलं, तेलाचं सांगायला हवं होतं का? ती हसली, "तेल काय औसद शे का?" सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई, तिथेच गप्प बसली. मीही रोज संध्याकाळी त्याच तेलाने तिचे गुडघे चोळत राहिलो. दंडावर निळे डाग यायचे, दात घासताना रक्त यायचं... आम्ही म्हणायचो, म्हातारपण.

तेरावं झाल्यावर बाटली घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. सरळ विचारलं, मी मारलं का तिला? त्यांनी बाटलीचा वास घेतला. म्हणाले, हे कातडीतून रक्तात जातं, त्या गोळीचा जोर वाढवू शकतं. पण तिचं प्रेशरही वाढलेलं होतं, आणि नुसत्या गोळीनेही असं होऊ शकतं. "आता नक्की सांगता येणार नाही, आबा." निदान खोटं तरी बोलले नाहीत.

परवा शेजारची सरला वाटी घेऊन आली, सवयीने. गुडघ्याला लावायला इंदूमावशीसारखं तेल करून द्या म्हणाली. मी विचारलं, गोळ्या कोणत्या खातेस? ती वैतागली, तेल मागितलं तर कोर्टात उभं करता. मग सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून रक्त पातळ करायची एक खाते. मी वाटी रिकामीच परत दिली. आधी डॉक्टरांना विचारून ये म्हटलं. पुटपुटत गेली.

संध्याकाळी आली ती दारातच उभी राहिली. माझ्याकडे बघेना. "आबा... नको म्हणाले."

मी चहा ठेवला. मग ती म्हणाली, आता गुडघ्याला दुसरं काय लावू? सोमवारी दोघं मिळून डॉक्टरांना विचारायला जाणार आहोत.