आत्याच्या डब्याला अर्थ नव्हता

तुमची आत्या लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे तुम्हा नातवंडांना ठाऊक आहे. ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते, हे मात्र तिने तुम्हाला सांगितलं नसणार, कारण सांगताना ती लाजते. चाळिशी उलटल्यावर शिकली. तिथल्या शिक्षिकांनी मिळून एक वाद्यवृंद काढला आहे आणि यंदा मार्चअखेर कॉलेजच्या वर्धापनदिनाला त्यांची गाणी ठेवली होती.

गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये एक छोटा डबा जोडतात. पायाने त्याचा खटका दाबला की तारेचा स्वच्छ आवाज फाटतो, खरखरीत होतो. चांगला आवाज मुद्दाम कशाला बिघडवायचा, हे मला अजून कळलेलं नाही, पण लोकांना तो आवडतो म्हणे. असा डबा तयार विकत मिळतो. आत्याला तो स्वतः बनवायचा होता. तिने इंटरनेटवरून जोडणीचा नकाशा उतरवला, सुटे भाग मागवले, सोल्डर करून जोडले आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवलं.

अडचण अशी की गिटारला कुणी हात लावला नाही तरी तो डबा बोलतच राहायचा. तालमीत त्याची घरघर इतकी वाढली की गाणाऱ्या बाईंना सूर सापडेना. कार्यक्रम बसवणाऱ्या सरांनी सांगितलं, सोमवारच्या तालमीत डबा गप्प बसला तर ठीक, नाहीतर गिटार काढून टाकू आणि रेकॉर्ड केलेलं संगीत लावू. म्हणजे आत्याने मंचावर बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

शनिवारी सकाळीच ती गिटार, डबा आणि छोटा स्पीकर घेऊन बसने नांदेडला आमच्याकडे आली. मी समोरच्या खोलीतलं टेबल रिकामं करून त्यावर जुनी चादर अंथरली. स्क्रू एका वाटीत, नट दुसऱ्या वाटीत. तिने आणलेली माहितीची पानं इंग्रजीत होती; तिचे हात कामात गुंतलेले, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एक एक शक्यता तपासायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं त्यात लिहिलं होतं. हे मला फार पटलं. घर असंच चालवावं लागतं.

पहिली सूचना होती, अडॅप्टर काढून बॅटरी लावा. लावली. घरघर किंचित उतरली, पण थांबली नाही. दुसरी सूचना, आसपासची विजेची उपकरणं बंद करा. मी ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला आणि कूलरचं बटण दाबलं.

"ओ मॅडम," आजोबा खुर्चीतून म्हणाले, "उन्हानं माणूस भाजून राहिला अन् तुम्ही कूलर बंद करून राहिल्या?"

"दोन मिनिटं हो बाबा," आत्या म्हणाली.

"तुझ्या मायची दोन मिनिटं मला लग्नापासून ठाऊक हायती."

कूलर बंद झाल्यावर घर शांत झालं आणि तेव्हा आम्हाला आणखी एक आवाज ऐकू आला. स्पीकरमधून एक माणूस बारीक आवाजात बोलत होता. आम्ही तिघंही वाकून ऐकायला लागलो. "शेतकरी बंधूंनो," तो म्हणत होता, आणि मग हळदीची साठवण कशी करावी ते सांगू लागला. डब्याने रेडिओ पकडला होता!

आजोबा एकदम खूश. हदगावकडची शेती आता पुतण्या बघतो, पण आजोबांचा जीव अजून तिकडेच. त्यांनी खुर्चीच टेबलाजवळ ओढली. "लई भारी डबा बनवला गं माय! आता हात लावू नको. याच्यानंतर बाजारभाव सांगतेत."

"बाबा, मला गिटार वाजवायची आहे. हळद नाही विकायची."

"हळदीला भाव हाय. गिटारीला कोण विचारतं?"

आत्याने रागाने गिटारचा आवाज शून्यावर आणला. माणूस बोलतच राहिला. म्हणजे दोष गिटारमध्ये नव्हता. वायर बदलून पाहिली, तरी तेच. आत्याचा चेहरा उतरत चालला होता. ती पुन्हा पुन्हा सोमवारचं बोलत होती, आणि त्या टाळ्यांचं. मी चहा ठेवून आले आणि टेबल पुसावं म्हणून डबा उचलला. माझा हात लागताच घरघर दुप्पट झाली. खाली ठेवला, तर कमी.

"आई, परत उचल," आत्या म्हणाली.

मी उचलला, ठेवला, परत उचलला. दर वेळी तेच. तिने जोडणी तपासायचा मीटर काढला. त्याचं एक टोक वायर खुपसायच्या भोकातल्या धातूला लावलं, दुसरं डब्याच्या पत्र्याला. दोन्ही जोडलेले असतील, तर मीटरमधून शिट्टी यायला हवी होती. आली नाही. आत्या मटकन खुर्चीत बसली.

"याला अर्थच नाहीये," ती म्हणाली.

मी फडकं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "असं बोलू नये. या वयात नवीन काही शिकावंसं वाटलं, हाच अर्थ. त्या सरांच्या म्हणण्यावर तुझी किंमत ठरत नाही. मंचावर उभी राहिलीस काय आणि नाही राहिलीस काय..."

आजोबांनीही रेडिओवरून लक्ष काढलं. "हाव गं बाय. इतकं जिवाला लावून घेऊ नको. न्हाई वाजलं तर न्हाई वाजलं."

आत्या आमच्याकडे बघतच राहिली. मग तिला इतकं हसू आलं की मीटर हातातून सुटला. "अगं आई, अर्थ! अर्थिंग! डब्याला अर्थ मिळत नाहीये!"

"मग तसं सांग ना," आजोबा म्हणाले. "तुझी माय तर प्रवचनाला बसली."

मग तिने समजावून सांगितलं. आतले सगळे भाग ज्या एका तारेला जोडलेले असतात, तिला अर्थ म्हणतात. पत्र्याचा डबाही त्याच तारेला जोडलेला असेल, तर तो भिंतीसारखा उभा राहून बाहेरची घरघर आणि रेडिओ आत येऊ देत नाही. वायरीच्या भोकाचा धातूचा नट पत्र्याला घट्ट टेकला की जोडणी आपोआप होते. इथे नट टेकला होता, पण पत्र्याला नाही. रंगाला.

आत्याने रंगवलेला डबा सुंदर लाल होता, आणि आतूनही तितकाच सुंदर लाल. नकाशात कुठेही आतून रंगवा असं लिहिलेलं नव्हतं. "आतून कुणी रंगवतं का?" मी विचारलं.

"आपल्या घरी फडताळं आतून रंगवतात, ट्रंका आतून रंगवतात, विजेच्या मीटरची पेटी आतून रंगवली आहे," आत्या म्हणाली. "मला वाटलं, रंगवणं म्हणजे हेच."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं आणि आत्याला पॉलिश पेपर. तिने नटाभोवतीचा रंग आतल्या बाजूने घासून पत्रा चकचकीत केला. एवढ्या मेहनतीचा रंग खरवडताना मलाच वाईट वाटत होतं. नट पुन्हा आवळला, मीटर लावला, शिट्टी आली. स्पीकर चालू केला तर रेडिओवाला माणूस वाक्य अर्धवट टाकून निघून गेला होता. कूलर लावला, तरी घरघर नाही.

"भाव राहिले की," आजोबा म्हणाले.

सोमवारी दुपारी लातूरहून, तालमीतूनच, आत्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ऐका," आत्या म्हणाली.

आम्ही ऐकलं. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी खोकलं. बाकी काही नाही.

"काहीच ऐकू येईना," आजोबा ओरडले. "लाइन गेली का?"

"लाइन आहे बाबा. डबा चालू आहे. सरांनी आत्ताच विचारलं, मॅडम, चालू केलात का? मी म्हटलं, केव्हाच. मग ते स्वतः येऊन डब्यावरचा दिवा लागलाय का ते बघून गेले."

"मग? काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, रेकॉर्डिंगची सीडी परत कपाटात ठेवा." ती म्हणाली. "फोन ठेवते मी आता. गाण्याची सुरुवात माझ्या गिटारने आहे."